मामंजींचं पंचांग आणि नवी टेस्ट लायब्ररी

लग्न करून सोलापूरहून चेन्नईला आले, तेव्हा सासरच्या घराचं पहिलं दर्शन मला टॅक्सीच्या काचेतून झालं आणि ते बराच वेळ होत राहिलं. सकाळी पोचायची गाडी दुपारी चारला पोचली. सेंट्रलहून नुंगंबाक्कमला येईतो साडेचार वाजून गेले. वार रविवार, महिना मे. टॅक्सी दारात थांबली, मी शालूच्या निऱ्या सावरत एक पाय बाहेर टाकला, तेवढ्यात जिन्यावरून सासूबाई हात आडवा धरून धावत आल्या. त्या आणि मामंजी आधीच्या गाडीनं सकाळीच पोचून घर लावून बसले होते. मला वाटलं, ओवाळायला येताहेत.

"पाय आत घे!" त्या म्हणाल्या. "राहुकाळ लागला. सहाला उतर."

राहुकाळ म्हणजे रोजचा दीडेक तासाचा असा वेळ, की त्यात नवं काही सुरू करायचं नाही. आमच्या सोलापुरात तो पंचांगात छापलेला असतो. चेन्नईत तो पाळतात. सोमवारी सकाळी, बुधवारी भर दुपारी, रविवारी संध्याकाळी, असा तो वारागणिक जागा बदलतो, आणि अख्खं शहर त्याला न बोलता वळसा घालून जातं. मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की ड्रायव्हर एसी बंद करून चहाला गेला आहे, माझा शालू अंगाला चिकटला आहे आणि शेजारी बसलेला नवरा इंग्रजीत माफी मागतो आहे. खालच्या मजल्यावरच्या शेजारीण मामी खिडकीतून टंबलर-डबऱ्यात, म्हणजे पेला आणि खोलगट वाटीत, कॉफी देऊन गेल्या. सहा वाजले, सासूबाई तबक घेऊन आल्या, मी माप ओलांडलं. तोवर कपाळावरचं कुंकू नाकापर्यंत आलं होतं. लग्नाच्या अल्बममध्ये गृहप्रवेशाचा फोटो आहे, तो मी कुणाला दाखवत नाही.

मामंजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे बाबाच म्हणतात, पण या तंजावरी मराठी घरात मामंजी. यांचे पूर्वज कधीतरी तंजावरला आले आणि तिथली मराठी जपून ठेवून बसले. त्यामुळे घरात जुन्या बखरीतून निसटलेला एखादा शब्द, त्याला तमिळ हेल आणि शेवटी इंग्रजी क्रियापद, अशी वाक्यं सर्रास ऐकू येतात. मी पहिले काही महिने फक्त मान हलवत होते.

मामंजी एका विमा कचेरीत कारकून होते. निवृत्त झाले आणि घरात त्यांना जागाच सापडेना. सासूबाईंच्या स्वयंपाकघरात डबे वर्णक्रमानं लावले, तिथून हाकलले गेले. मग गॅलरीत उभे राहून खालून जाणाऱ्या बसचे नंबर मोठ्यानं वाचायला लागले. शेवटी नवऱ्यानं वैतागून त्यांना आपला जुना लॅपटॉप आणि प्रोग्रॅमिंगचं एक फाटकं पुस्तक दिलं. मामंजींनी ते पुस्तक कचेरीतल्या नियमावलीसारखं तोंडपाठ केलं आणि पहिली गोष्ट काय केली, तर पंचांग लिहिलं.

कारण भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांचा जुना राग होता. कॅलेंडर राहुकाळाची वेळ ठोकून देतं: रविवार, साडेचार ते सहा. वर्षभर तीच, सगळ्या गावांना तीच. "राहुकाळ सूर्यावर चालतो," मामंजी म्हणायचे. "सूर्योदय ते सूर्यास्त, त्याचे आठ भाग करायचे, त्यातला एक राहूचा. उन्हाळ्यात सूर्य उशिरा मावळतो, थंडीत लवकर. मग वेळ तीच कशी राहील?" सासूबाई म्हणायच्या, "तुमचा सूर्य तुमच्याकडे ठेवा. माझं कॅलेंडर स्वयंपाकघरात आहे." या वादाला माझ्या लग्नाहून जास्त वय होतं. मामंजींचा प्रोग्रॅम मात्र दर गावाचा सूर्य वेगळा धरायचा, गाव न सांगितलं तर चेन्नईचा. त्यांनी तो ओपन सोर्स करून टाकला, म्हणजे कुणीही घ्या, वापरा, दुरुस्त करा. जगभरातले लोक वापरू लागले. लांबच्या कुठल्याशा थंड देशातल्या एका बाईचा निरोप आला होता, की तिच्या गावात राहुकाळ थंडीत अगदी आखूड होतो हे कळून तिला फार बरं वाटलं. मामंजी असे निरोप सकाळच्या कॉफीबरोबर मोठ्यानं वाचायचे. बसचे नंबर बंद झाले होते.

तर या पंचांगावर संक्रांत आली ती टेस्ट लायब्ररीमुळं.

टेस्ट म्हणजे आपणच आपल्या प्रोग्रॅमला विचारलेला प्रश्न. उत्तर आपल्याला आधीच माहीत असतं. प्रोग्रॅमचं उत्तर जुळलं तर पडद्यावर हिरवं, चुकलं तर लाल. या टेस्ट चालवून दाखवणारी जी आयती सामग्री मिळते ती टेस्ट लायब्ररी. मामंजी जी वापरत होते ती ज्यानं लिहिली त्यानं केव्हाच तिच्यावर पाणी सोडलं होतं. आणि एक दिवस परदेशातल्या एका स्वयंसेवकाचा निरोप आला. एका मोठ्या मोफत संगणक-प्रणालीबरोबर मामंजींचं पंचांग लोकांना आपोआप मिळायचं, त्या यादीचं काम हा माणूस बघायचा. निरोप अतिशय नम्र होता. जुन्या लायब्ररीवर चालणारी सगळी पॅकेजं, म्हणजे असे प्रोग्रॅम, यादीतून काढली जाणार आहेत, आपण नवी लायब्ररी वापरावी, आपलं पॅकेज गमवायला वाईट वाटेल.

मामंजींनी निरोप वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. मग म्हणाले, "चाललंय ते चालू दे. मी उत्तर देत नाही."

निरोप आणखी येत राहिले, नम्रता वाढत गेली. मामंजी हटून बसले. त्यांनी ती जुनी लायब्ररी महामुश्किलीनं शिकली होती, पुन्हा नवं काही डोक्यात शिरेल याची त्यांना खात्री नव्हती, आणि हे ते मेले तरी बोलले नसते. एका सकाळी कॉफी झाली, निरोप कुणाचाच वाचला नाही, आणि ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. थोड्या वेळानं आवाज आला, "पाच ई." परत थोड्या वेळानं, "सत्तेचाळीस." मी पोळी तव्यावर टाकून तशीच उभी राहिले. मला भीती वाटली, सरळच सांगते. यादीतून पंचांग गेलं तर लॅपटॉपचं झाकण मिटणार आणि हा माणूस उरलेला जन्म बस मोजत काढणार.

आणि मी कोण, तर सिरुसेरीच्या एका कंपनीत नेमकं हेच काम पगार घेऊन करणारी. जुन्या लायब्ररी काढायच्या, नव्या घालायच्या. मी म्हटलं, "मामंजी, मी करते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं मी त्यांच्या कोडला हात लावला नव्हता, लावू दिलाच नव्हता. "सरी, बरंय," ते म्हणाले. "पण माझ्या टेस्टना हात लावायचा नाही. त्या बरोबर आहेत. आजवर एकदासुद्धा लाल झालेल्या नाहीत. तू फक्त लायब्ररी बदल."

"एकदासुद्धा नाही?"

"एकदासुद्धा नाही."

आमच्या धंद्यात असं वाक्य ऐकलं की शहाण्या माणसानं सावध व्हावं. मी सून होते, मी खूश झाले.

काम सुरू करायला त्यांनी मला शुक्रवारचा मुहूर्त काढून दिला, तो मी निमूट पाळला. लायब्ररी बदलली, टेस्ट लावल्या, सगळ्या हिरव्या. मामंजींनी पडद्यापुढं हात जोडले. मी मनात म्हटलं, यात काय होतं एवढं.

सोमवारी सकाळी कंपनीच्या बसमध्ये, सिरुसेरीच्या वाटेवर ट्रॅफिकमध्ये अडकलेले असताना, सहज म्हणून टेस्ट पुन्हा लावल्या. एक लाल.

कार्यालयात पोचून डबा कपाटात ठेवला, कॉफी आणली, पुन्हा लावल्या. हिरव्या. मी म्हटलं, बस हलत होती. बस हलल्यानं टेस्ट लाल होत नाहीत हे मला कळतं, त्यासाठी मी पदवी घेतली आहे, पण सोमवारी सकाळी माणूस काहीही म्हणतो.

बुधवारी मी घरून काम करते. जेवणाच्या सुट्टीत लावल्या तर परत लाल. ताक पिऊन, भांडी विसळून, तासाभरानं लावल्या तर परत लाल. मीटिंग आटोपून दुपारी लावल्या तर हिरव्या. आता मात्र माझं डोकं फिरलं. नवी लायब्ररी दर वेळी टेस्टचा क्रम पिसून चालवते, तेव्हा क्रमावर संशय घेतला. क्रम बांधून टाकला. गुरुवारी दुपारी कार्यालयातून लावल्या, लाल. मग इंटरनेटवर संशय घेतला. मग नव्या लायब्ररीच्या आवृत्तीवर. तिच्या कर्त्यांना मी एक लांबलचक तक्रारही लिहिली, तिचा सूर जरा सोलापुरी झाला होता. त्यांचं उत्तर आलं, आमच्याकडे असं काही होत नाही. खरंच होत नव्हतं.

तुम्ही म्हणाल, लाल झालेली टेस्ट उघडून का नाही पाहिली? पाहिली की! मामंजींच्या टेस्टचं ऐश्वर्य काय वर्णावं. त्यांनी सूर्योदय, तिथी, नक्षत्र, राहुकाळ असे सगळे प्रश्न त्या एका टेस्टमध्येच कोंबले होते, कचेरीतल्या फायलीला सगळे कागद एकाच दोऱ्यानं ओवतात तसे. सगळी उत्तरं बरोबर आली तर शेवटी एकच 'हो'. एक जरी चुकलं तर एकच 'नाही', आणि कुठलं चुकलं ते देवाला माहीत. सुटं करून बघावं तर हात लावायचा नाही हा शब्द दिलेला. मी मामंजींना विचारलं, तर ते म्हणाले, "माझ्याकडे हिरवंच येतं की." आणि त्यांनी माझ्यासमोर लावून दाखवलं. हिरवं आलं. त्यांनी लावलं की दर वेळी हिरवंच, माझ्या हातानं लावलं की कधी लाल, कधी हिरवं. मामंजी नुसते माझ्या हाताकडे बघत होते.

कोड वर चढवला की टेस्ट आपोआप चालवणारी एक व्यवस्थाही प्रकल्पाला होती. तिचा इतिहास काढून पाहिला. हिरवा, हिरवा, नुसता हिरवागार. म्हणजे दोष माझ्याच हाताला.

अशात तो स्वयंसेवक शेवटचं म्हणाला: रविवारी यादी बंद करतो आहे, माझ्या घड्याळात दुपारी अडीचला सुट्टीवर निघतो, त्याआधी द्याल तर घेतो, नाहीतर मला मनापासून वाईट वाटेल. त्याचे अडीच म्हणजे आमचे संध्याकाळचे सहा.

त्या रविवारी जेवणं झाल्यावर मी दिवाणखान्यातल्या टेबलाशी बसले. दुपारभर टेस्ट हिरव्या. म्हटलं, आता हात लावायलाच नको, असंच देऊन टाकू. पण लाल का होतं ते न कळता पुढं द्यायचं माझ्या जिवावर आलं. उद्या त्या माणसाकडे लाल झालं तर नाव मामंजींचं जाईल. मी शोधत राहिले. मे महिन्यातली ती उकाड्याची वेळ, पंखा गरम हवा ढवळत होता, मामंजी समोरच्या खुर्चीत वर्तमानपत्र उलटं धरून वाचल्यासारखं करत होते. पाच वाजून गेल्यावर मी शेवटचं म्हणून परत लावलं.

लाल. पुन्हा लावलं. लाल. तिसऱ्यांदा लावलं आणि टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "हे पंचांग मी आता खिडकीतून टाकणार आहे!"

सासूबाई कॉफी घेऊन येत होत्या. त्यांनी टंबलर ठेवला, पडद्यावरच्या लाल पट्टीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं.

"अय्यो, राहुकाळात कोण काम लावतं? चुकणारच," त्या म्हणाल्या आणि आत निघाल्या.

"आई, प्लीज," मी म्हणाले. "कॉम्प्युटरला राहुकाळ कळत नाही."

हे वाक्य माझ्या तोंडातून पुरतं बाहेर पडलं आणि मीच थांबले. कारण जगातल्या सगळ्या कॉम्प्युटरांपैकी ज्या एका प्रोग्रॅमला राहुकाळ नक्की कळत होता, तो माझ्या पुढ्यात उघडा होता.

मी मामंजींकडे पाहिलं. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"मामंजी, तुमच्या टेस्टमध्ये राहुकाळाचा प्रश्न आहे, त्यात वेळ कुठली दिली आहे?"

"आत्ताची," ते म्हणाले.

"आत्ताची म्हणजे कधीची?"

"आत्ताची म्हणजे आत्ताची. घड्याळातून घेते ती. विचारते, आत्ता राहुकाळ आहे का? उत्तर, नाही."

"आणि असला तर?"

मामंजींनी माझ्याकडे, मी अगदीच काहीतरी विचारल्यासारखं पाहिलं. "राहुकाळात टेस्ट कोण लावतं?"

बरोबरच होतं. लावणार कोण? मामंजी राहुकाळात लॅपटॉपचं झाकणसुद्धा उघडत नाहीत. स्वतःच्या गणिताचा राहुकाळ पाळतात, आणि घरात शांतता राहावी म्हणून सासूबाईंच्या कॅलेंडरचाही पाळतात. कोड वर चढवायचे तेही शुभवेळ बघून, त्यामुळे ती आपोआप चालणारी व्यवस्थाही बिचारी शुभवेळीच चालायची. इतकी वर्षं ती टेस्ट एकच प्रश्न विचारत होती, आत्ता राहुकाळ नाही ना, आणि ज्या क्षणी ती विचारत होती त्या क्षणी तो नसायचाच. सोमवारची सकाळ, बुधवारची भर दुपार, गुरुवारची दुपार, रविवारची ही संध्याकाळ, माझ्या सगळ्या लाल पट्ट्या अशा राहूच्या ओळीनं उभ्या होत्या. तिला नापास करायला घरात सोलापूरची सून यावी लागली.

मी हसायला लागले ते थांबेचना. डोळ्यांतून पाणी आलं. मामंजी हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे एकदासुद्धा लाल नाही झाली," ते हळू म्हणाले, "ती म्हणूनच."

माझं हसू तिथंच विरलं. मी घाईघाईनं म्हणाले, "मामंजी, गणित बरोबर आहे तुमचं. प्रोग्रॅम बरोबरच सांगत होता, की राहुकाळ आहे. चूक टेस्टची आहे. उलट तुमचा प्रोग्रॅम इतका बरोबर आहे, की माझा आठवडा खाल्ला त्यानं."

त्यावर ते जरा सावरले. आतून सासूबाईंचा आवाज आला, "मी सांगितलं होतं." हे वाक्य त्या घरात मी पुढं किती वेळा ऐकलं ते विचारू नका.

दुरुस्ती अगदी सोपी होती. नव्या लायब्ररीत टेस्टसाठी घड्याळ थांबवून ठेवता येतं: अमुक दिवस, अमुक वाजले आहेत असं धरून चाल, म्हणायचं. म्हणजे हव्या त्या वेळेचा राहुकाळ विचारता येतो. मामंजींनी हात लावायची परवानगी दिली, नुसती दिली नाही, लॅपटॉप स्वतःकडे ओढला. "दोन टेस्ट पाहिजेत," मी म्हटलं. "एक राहुकाळ नसतानाची, एक असतानाची." पहिली त्यांनी स्वतःच्या निवृत्तीच्या दिवसाची सकाळ धरून लिहिली. हिरवी.

दुसरीपाशी त्यांची बोटं थांबली. 'राहुकाळ आहे' असं त्यांनी आपणहून आजवर कधी लिहिलं नव्हतं, आणि तेही आत्ता, राहुकाळात. घड्याळात साडेपाच वाजून गेले होते.

"कुठलीही वेळ घ्या ना," मी म्हणाले. "गेल्या बुधवारची दुपार घ्या."

"कुठलीही नको. ठाऊक असलेली पाहिजे. नक्की राहुकाळ होता असं मी स्वतः पाहिलेलं." मग कशातही न बघता त्यांनी एक तारीख टाइप केली. मे महिना. रविवार. संध्याकाळ, सहा वाजून दहा मिनिटं.

ती तारीख मला कशी न ओळखू येईल? माझ्या अंगठीत कोरलेली तारीख तिच्याच आदल्या दिवसाची आहे.

"ही मी घरात आले ती वेळ आहे," मी म्हणाले.

"होय."

"पण मामंजी, आपण सहा वाजेपर्यंत थांबलो होतो! मी त्या टॅक्सीत उकडून निघाले होते!"

"कॅलेंडरचे सहा," मामंजी म्हणाले. "मी गॅलरीत होतो. सूर्य अजून समोरच्या पाण्याच्या टाकीवर होता. मे महिना. रविवारी राहू सूर्य मावळेपर्यंत असतो. साडेसहा म्हण."

"म्हणजे मी राहुकाळातच आत आले?"

"भर राहुकाळात."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

मामंजींनी चष्मा पुन्हा पुसला. "तुझं तोंड पाहिलं मी वरून. कुंकू इथवर आलं होतं. आणखी अर्धा तास बसवली असती तर तशीच सेंट्रलला परत गेली असतीस. मी म्हटलं, उगा राहावं. राहूचं मी बघून घेईन."

त्यांनी टेस्ट लावली. प्रोग्रॅमनं चेन्नईचा त्या दिवसाचा सूर्य मांडला, आठ भाग केले आणि सांगितलं, हो, राहुकाळ आहे. हिरवं. माझ्यासाठी या माणसानं कॅलेंडरशी असलेलं आयुष्यभराचं भांडण एका संध्याकाळपुरतं मुकाट सोडून दिलं होतं, जिंकत असताना, आणि मला कळूसुद्धा दिलं नव्हतं.

आणि तेव्हा आमच्या लक्षात आलं, की सासूबाई दारात उभ्या आहेत.

त्यांच्या हातात पदर होता, तो तसाच राहिला. "म्हणजे," त्या सावकाश म्हणाल्या, "मी तबक घेऊन ताटकळले, ती मामी कॉफी करून करून दमली, आणि ही आली ती राहुकाळातच?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझ्या आमटीतला गूळ, माझं उठण्याचं वेळापत्रक, मी टंबलरमधून वरून न पिता त्याला तोंड लावून पिते ते, सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक करून गेलं आणि प्रत्येकाला कारण सापडत गेलं.

"तरीच!" त्या म्हणाल्या.

पावणेसहा झाले होते. काम तयार होतं. आता फक्त ते वर चढवायचं बटन दाबायचं होतं, आणि दाबायचं ते सहाच्या आत. कॅलेंडरनं पाहा की सूर्यानं पाहा, सहापर्यंत राहुकाळच. मामंजींचं बोट बटनावर होतं आणि दाबलं जात नव्हतं. मी म्हटलं, मी दाबते. ते म्हणाले, प्रकल्प माझा आहे. मी म्हटलं, मग त्याच्या देशातला राहुकाळ बघा, तिथं भर दुपार आहे, तिथं अजून लागलाही नसेल. ते खरोखरच बघायला लागले. मिनिटं चालली होती. मला पुढच्या सकाळचे बसचे नंबर ऐकू यायला लागले.

"दाबा," सासूबाई म्हणाल्या.

मामंजींनी वर पाहिलं. भिंतीवरच्या कॅलेंडरची मालकीण ती, आणि ती म्हणत होती दाबा.

"राहुकाळ आहे," मामंजी म्हणाले.

"मला कळतं. मागे एकदा राहुकाळात एक घरात घेतलंच ना?" सासूबाईंनी पदर खांद्यावर टाकला. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "ते काय वाईट निघालं?"

मामंजींनी बटन दाबलं.

इतक्या वर्षांत सासूबाईंनी माझं कौतुक केलं ते हे एवढंच, आणि तेही मला उद्देशून नाही. मी टेबलावरचा टंबलर उचलून स्वयंपाकघरात गेले आणि तो उगाच बराच वेळ घासत राहिले. बाहेरून मामंजींची हाक आली, त्या स्वयंसेवकाचं उत्तर आलं होतं. घेतलं, आभार, आता मी सुट्टीवर निघतो. मामंजींनी ते आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवलं, मग पुन्हा एकदा वाचून दाखवलं.

काही दिवसांनी दुसऱ्या कुठल्याशा देशातल्या एका मदतनीसानं त्या टेस्टखाली शंका विचारली. ही तारीख आणि वेळ कुठून आली, आणि तेव्हा राहुकाळ होताच हे कशावरून? आमच्या धंद्यात असे प्रश्न विचारणारे लोक असतात आणि ते असावेत. मामंजींनी कॉफी खाली ठेवली आणि मला उत्तर सांगितलं, मी ते इंग्रजीत लिहिलं: "सूर्य मी स्वतः पाहिला आहे. साक्षीदार माझ्या घरातच राहते. इतक्या वर्षांत कुठलाही बिघाड आढळलेला नाही."

"हे कोण म्हणतं?" आतून सासूबाईंनी विचारलं. "मला विचारून लिहा."

मामंजींनी मला खूण केली, पाठव. मी पाठवलं. घड्याळ दोघांपैकी कुणीच पाहिलं नाही.